एकविसावा चौकोन

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज एका तिशीतल्या पोरीने मला गप्प बसायला सांगितलं. मला! माझा आवाज लाउडस्पीकरशिवाय डेपोतल्या शेवटच्या बसपर्यंत जायचा. दोन जनरल मॅनेजर आणि एक मंत्री मला गप्प करू शकले नाहीत. आणि हिने ओठांवर बोट ठेवलं, बालवाडीत ठेवतात तसं.

क्रमाने लिहिते. माझ्या लेकीची लेक, आमची मुंगी, साडेचार वर्षांची झाली आणि अजून एक शब्द बोलत नाही. कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. समजतं सगळं. बिस्किटांचा डबा नव्या जागी लपवला तर तासाभरात शोधून काढते. तोंडातून मात्र 'म्' एवढाच आवाज निघतो, तोही स्वतःशीच. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, सकाळी सातला जाते ती संध्याकाळी उगवते. म्हणजे दिवसभर मुंगी आणि मी. दीड वर्ष रांगेत काढल्यावर हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागात स्पीच थेरपीला नंबर लागला. बारा मंगळवार मिळालेत. बाराव्या मंगळवारी बघणार, मुंगी स्वतःहून, कुणी न विचारता, काही सांगायला लागली का. लागली तर पुढचे बारा. नाही तर जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला, आणि आम्ही सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवायला.

खोली एवढीशी. बुटकं टेबल, भिंतीला आरसा, कुलूपबंद कपाट. थेरपीबाई कापडी बुटांत, मांडी घालून जमिनीवर. तिने साबणाचे फुगे उडवले. मुंगी उड्या मारायला लागली. मग हिने बाटलीचं झाकण लावलं आणि नुसती बघत बसली. मुंगी बाटलीकडे बघते, ही मुंगीकडे बघते. कुणीच काही बोलेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "फुगे हवेत ना गं राणीला? म्हण, फुगे दे. फु-गे."

तेव्हा ते बोट.

"आजी, मनात दहापर्यंत मोजा."

"दहापर्यंत मोजेस्तोवर पोर म्हातारी होईल, बाई."

तिला हसू आलं नाही. जाताना एक छोटी वही दिली. मुंगीने रोज काय मागितलं ते चार ओळींत लिहायचं. तिथे चार ओळी लिहीन. खरं काय ते इथे लिहीन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझी पद्धत सुरू केली. युनियनच्या एकोणीस वर्षांत मी मुक्यांना बोलतं केलं आहे. वीस-वीस वर्षं साहेबासमोर मान वर न केलेले कंडक्टर, मेकॅनिक, बस धुणाऱ्या बायका. त्यांना एकच गोष्ट सांगायची: तुझी गरज तुझ्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय जगाला ती दिसत नाही. जो बोलत नाही त्याच्या नावावर दुसरे बोलतात, आणि दुसरे बोलतात तेव्हा स्वतःच्या फायद्याचं बोलतात. हे मी शंभर गेटांसमोर सांगितलं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

म्हणून सकाळी मुंगीने पेल्याकडे हात केला तेव्हा पेला वर धरला. "पाणी म्हण. पा-णी. म्हटलंस की मिळेल." पाच मिनिटं धरला. माझा हात दुखायला लागला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, वळली, बाथरूममध्ये गेली, बादलीवर चढली आणि नळाला तोंड लावून पोटभर प्यायली.

पेला माझ्या हातात तसाच.

संध्याकाळी लेकीला कळलं. म्हणाली, "आई, तू चार वर्षांच्या पोरीचं पाणी तोडलंस?" तोडलं म्हणे! शब्द बघा. माझ्याच घरात माझीच भाषा माझ्यावर वापरतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

थेरपीबाईंचा बेत कळला. बोर्ड! पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची, मुंगीने हवं त्यावर बोट ठेवायचं. म्हणजे आम्ही तोंडाचा नाद सोडायचा. ही शरणागती आहे, असं मी स्वच्छ सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजी, बोर्डामुळे बोलणं अडत नाही. उलट आपलं म्हणणं पोचतं हे कळलं की मुलं आवाजाकडे वळतात. वळली नाहीत तरी म्हणणं पोचतं, हे काय कमी आहे?"

हे वाक्य बरं होतं. माझ्या भाषणात शोभलं असतं. पण मी ते तिला सांगितलं नाही.

चित्रं वीस. कोणती ते घरच्यांनी ठरवायचं, कारण मूल घरच्यांना माहीत. तिने एक छापील कागदही दिला, "निवडण्याआधी हा नक्की वाचा." मी घडी घालून पर्समध्ये टाकला. आठ हजार कामगारांचं मागणीपत्र मी एका रात्रीत लिहिलं होतं. एका पोरीच्या वीस चौकोनांसाठी मला कागद वाचायला लागतो?

शनिवार, १५ फेब्रुवारी

बोर्ड तयार. लेकीने फोटो काढले, लॅबच्या प्रिंटरवर छापले, प्लास्टिकमध्ये मढवले. मागे वेल्क्रो, म्हणजे चित्र निघतं आणि पुन्हा बसतं. यादी माझी. मागणीपत्रच म्हणा. पाणी, दूध, केळं, बिस्किट, शी-शू, झोप, आंघोळ, कंगवा, औषध, कपडे, टोपी, चप्पल, बस, बाग, झोका, चेंडू, पुस्तक, आई, बाबा, आजी. बरोब्बर वीस, एकही जागा वाया नाही. माणसाला जगायला जे जे लागतं ते सगळं आहे.

लेक म्हणाली, "कंगवा कशाला गं? ती विंचरताना घर डोक्यावर घेते."

म्हटलं, "म्हणूनच. मागायला शिकेल म्हणजे आवडायला लागेल."

मुंगीने बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं. बसवर बोट ठेवलं! मी लगेच बस म्हणजे काय, ती कोण चालवतं, आपण मंगळवारी कोणत्या बसने जातो, सगळं समजावून सांगितलं. माझं संपलं तेव्हा ती पलंगाखाली गेली होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मला खोलीबाहेर काढलं.

शब्द सौम्य होते. "आजी, तुम्ही बाहेर बसा, मुंगी तुमच्याकडे बघते आणि उत्तर तुम्ही देता." म्हणजे काय, मी उत्तर देऊ नये? माझी नात आहे! "घरचा बोर्ड पुढच्या वेळी आणा, मला बघायचा आहे," असंही म्हणाल्या. नेते मंडळींना वाटाघाटीच्या खोलीबाहेर बसवायचं आणि आत परस्पर करार करायचा, हा व्यवस्थापनाचा जुना डाव. मला तो पाठ आहे.

बाकावर पस्तीस मिनिटं बसले. समोरच्या भिंतीवर दात घासायचं पोस्टर. सात वेळा वाचलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पुन्हा बाक. शेजारी एक बाप होता, पेंटर असावा, नखांत पांढरा रंग. त्याच्या मुलाच्या गळ्यात बोर्ड, पट्ट्याने अडकवलेला, कडा झिजलेल्या. बाप मुलाचं नाक पुसायला गेला. मुलाने बोर्डाच्या कोपऱ्यातल्या लाल चौकोनावर बोट आपटलं. बापाचा हात तिथल्या तिथे थांबला. रुमाल खिशात. मग मुलाने स्वतःच बाहीला नाक पुसलं. मला मौज वाटली. त्या लाल चौकोनात काय आहे असं विचारणार होते, पण मधे बोलता बोलता आमच्या चाळीस दिवसांच्या संपाचा विषय निघाला. मी गेटबंदीपर्यंत आले होते तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. माणूस चांगला ऐकणारा होता.

आत मुंगीने बाईंच्या बोर्डवर आज नऊ वेळा बोट ठेवलं म्हणे. घरी दिवसाला एकदा, फार तर दोनदा. बाहेरच्यांशी गोड आणि घरच्यांशी फटकून! बाईंनी विचारलं, "घरचा बोर्ड?" म्हटलं, विसरले. विसरले नव्हते. मुंगीने त्याचा एक कोपरा चावून ठेवलाय आणि माझ्या घरचं मूल पुठ्ठा चावतं हे मला तिला दाखवायचं नव्हतं.

बाहेर बसवल्याबद्दल विभागप्रमुखांना तक्रार लिहायची ठरवली. पर्समध्ये हाताला लागला त्या कागदाच्या पाठीवर बाकावरच मसुदा केला. सुरुवात झकास झाली आहे: "मुलाच्या उपचारातून त्याच्या कुटुंबाला वगळणे ही केवळ गैरसोय नसून..."

सोमवार, ३ मार्च

कंगव्याचं चित्र गायब. घरभर शोधलं. शेवटी दाराबाहेर जिन्याजवळ सापडलं. दाराखाली बोटभर फट आहे, तिथून बाहेर ढकललं होतं. पुन्हा चिकटवलं.

मंगळवार, ४ मार्च

कंगवा पुन्हा बाहेर. सोबत औषध.

गुरुवार, ६ मार्च

कंगवा, औषध, आंघोळ, टोपी. आज मी तिला रंगेहाथ पकडलं. बोर्डसमोर बसते, चित्र ओरबाडून काढते, दाराशी जाऊन पालथी पडते आणि फटीतून आरपार सारते. मग कान दाराला लावून ऐकते. पोस्टमन-पोस्टमन खेळते, दुसरं काय! खालच्या शेजारीणबाई वर आल्या, "तुमचा कंगवा आज थेट माझ्या पायरीवर आला हो, टपाल चुकलं बहुतेक." त्यांना मौज. मला प्रिंटआउटचा तिसरा संच.

वहीत चार ओळी लिहिल्या: "चित्रांशी खेळते. मागत नाही."

रविवार, ९ मार्च

ब्रेक आला होता. आमच्या डेपोचा ड्रायव्हर, इतका करकचून ब्रेक मारायचा की प्रवाशांनीच त्याला हे नाव दिलं. तो आला तेव्हा नेमकी विंचरायची वेळ. मुंगी दारासमोर आडवी पडलेली. उचलायला गेलं की अंग असं ढिलं सोडते की हातातून निसटते. मी दमले, ओरडले, कंगवा आपटला.

ब्रेक खुर्चीत बसून खो-खो हसतोय. "ताई, ओळखलंत का? अंग ढिलं सोडायचं, म्हणजे पोलिसांना चौघं लागतात एकाला उचलायला. हे तुम्हीच आम्हाला गेटवर शिकवलं होतं!"

"गप रे. तो संप होता. हा हट्ट आहे."

"असेल बुवा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. या माणसाला गंभीर विषय कळतच नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

सात मंगळवार गेले. पाच उरले. घरी प्रगती शून्य. बाई म्हणतात आत खूप छान करते, इतकी छान की घरी का नाही ते त्यांना कळत नाही. "घरी बोर्ड जवळ ठेवता ना, आजी?" ठेवते! स्वयंपाकघरात आहे, बाथरूममध्ये नेते, जेवताना समोर असतो. रोज सकाळी मी तिला वीसच्या वीस चित्रं वाचून दाखवते, अर्थासकट. आणखी कसा जवळ ठेवू, पोटात?

चित्रं घरात टिकत नाहीत म्हणून आज दाराखालची फट जुना टॉवेल कोंबून बंद केली.

शुक्रवार, २८ मार्च

चावली. इथे, मनगटाच्या वर, दातांची अख्खी कमान उठली आहे. औषधाचा चमचा पुढे केला एवढाच माझा गुन्हा. टॉवेल लावल्यापासून रोज असंच. आधी चित्रं फेकायची, आता भांडी फेकते, डोकं भिंतीवर आपटते. जिला मी अंगाखांद्यावर वाढवलं... जाऊ दे.

थकले आहे. साठ वर्षांत मी हे वाक्य लिहिलं नव्हतं.

शनिवार, ५ एप्रिल

लेकीशी भांडण. मनगटावरचा डाग तिने पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी आलं असं वाटलं मला. ती म्हणाली, "आई, ती बिचारी किती वैतागली असेल."

ती वैतागली असेल! मग माझा बांध फुटला. दिवसभर कोण करतं? कोण वाचून दाखवतं? मी या घरात एकटी बोलते आहे दोन महिने, भिंतींशी बोलावं तसं!

लेक शांत होती. तेच जास्त लागतं. "आई, तू तिच्याशी बोलत नाहीस. तू तिच्यासमोर बोलतेस. लहानपणी माझ्यासमोरही अशीच बोलायचीस. मी टाळ्या वाजवायची. तिला नाही वाजवायच्या."

मी उठून भांडी घासायला घेतली, जरा जोरात.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा घर फार शांत. दाराशी टॉवेल पडला होता, ओढून काढलेला. मी तो लाटण्याच्या टोकाने कोंबला होता. चार वर्षांच्या पोरीने नखांनी उपसला. केवढा वेळ लागला असेल.

दार उघडलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकच चित्र. उलटं पडलेलं, उचलून पाहिलं.

मी. माझा फोटो. लेकीने काढलेला, चष्मा कपाळावर, तोंड उघडं.

आत येऊन बसले. मुंगी बोर्डसमोर, पाठमोरी, शांत, चेंडू फिरवत. कंगवा गेला, औषध गेलं, तेव्हा मला राग आला होता. आज राग येईना. मला या घरात कुणी असं कधी काढून टाकलं नव्हतं. बडतर्फीची नोटीस दोनदा घेतली आहे, तीही कारणांसकट.

फोटो पुन्हा चिकटवला नाही. पर्समध्ये टाकला.

शुक्रवार, ११ एप्रिल

ठरवलं, बास झालं. तक्रारीचा मसुदा स्वच्छ लिहून काढायचा, विभागप्रमुखांना द्यायचा आणि उरलेले दोन मंगळवार त्यांच्या तोंडावर मारायचे. पर्समधून कागद काढला. माझं अक्षर वाचलं. आवेश जोरदार होता. शेवटची ओळ कागदाच्या कडेला संपली होती, पुढचं पलीकडे असेल म्हणून उलटला.

पलीकडे माझं काही नव्हतं. छापील होतं. बाईंनी दोन महिन्यांपूर्वी वाचा म्हणून दिलेला कागद. पहिलीच ओळ जाड अक्षरांत: "सर्वांत आधी 'नको'चा चौकोन. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही, ते चावतं, फेकतं, पडून राहतं. वस्तू नंतर."

तीनदा वाचलं. मग बोर्डाकडे पाहिलं. वीस चौकोन. पाणी, दूध, केळं. माझं मागणीपत्र. सगळं 'दे', 'दे', 'दे'. 'नको' कुठेच नाही.

एकोणीस वर्षं मी माणसांना एकच शब्द शिकवला होता. तो शब्द म्हणायला आठ हजार लोक चाळीस दिवस उन्हात बसले. आणि माझ्या नातीला मी पुठ्ठ्यावर वीस शब्द दिले त्यात तो दिला नाही. मला सुचलासुद्धा नाही. ती पोस्टमन-पोस्टमन खेळत नव्हती. कंगवा नको, म्हणून घराबाहेर. औषध नको, घराबाहेर. मी फट बुजवली. मग तिने तोंड वापरलं, मी तिला हवं होतं ना तोंड वापरायला, तर वापरलं, माझ्या मनगटावर.

ब्रेकला फोन केला. म्हटलं, "तू बरोबर होतास." तो म्हणाला, "कशाबद्दल, ताई?" त्याला आठवतही नव्हतं.

मंगळवार, १५ एप्रिल

अकरावा. चावलेला बोर्ड घेऊन गेले आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. सोबत कागद, दोन्ही बाजूंनी. त्यांनी आधी छापील बाजू पाहिली, मग उलटून माझा मसुदा वाचला. पूर्ण वाचला. मी चपला बघत होते.

"भाषा जोरदार आहे," त्या म्हणाल्या.

"ती नेहमीच असते. मजकूर चुकला."

"माझंही चुकलं, आजी. बोर्ड दोनदा मागितला आणि सोडून दिलं. तुम्हाला बाहेर बसवलं पण आत काय करते ते दाखवलं नाही." मग कपाटातून लाल कागद काढला, कात्री माझ्या हातात दिली. "कापा तुम्ही."

मी चौकोन कापला. त्यावर पंजा काढला, आडवा हात, खाली लिहिलं 'नको'. मोजायला चुकले, पंजाला सहा बोटं झाली. बाई म्हणाल्या चालेल.

"पण आजी, एक अट आहे. तिने नको म्हटलं की ते मानायचं. निदान पहिल्यांदा, दर वेळी. नाही तर तो चौकोनही दाराखालून जाईल."

"औषध असलं तर?"

"तर तिच्याशी बोला. कमी शब्दांत."

शेवटचे दोन शब्द त्यांनी हळू म्हटले. मी ऐकले.

शुक्रवार, १८ एप्रिल

लाल चौकोनाला कुठे जागा नव्हती म्हणून तो आजीच्या रिकाम्या जागी चिकटवला. बोर्डला पट्टा लावून मुंगीच्या गळ्यात.

आजचा हिशेब. कंगवा: नको. दूध: नको. निळा फ्रॉक: नको. दुसरा निळा फ्रॉक: नको. आंघोळ: नको, आणि मग स्वतःच 'पाणी'वर बोट. बादलीत अर्धा तास खेळली, तीच आंघोळ. औषध: नको. मी चमचा टेबलावर ठेवला, ती बघत राहिली, मी मनात मोजत राहिले. त्रेसष्टला तिने चमचा उचलला, वास घेतला, अर्धं सांडलं, अर्धं प्यायली. केसांच्या अजून जटाच.

वैताग आलाय. दिवसाला चाळीस वेळा नको ऐकायचं आणि मानायचं! इतकी वर्षं मी टेबलाच्या एका बाजूला बसले, आता दुसऱ्या बाजूला बसवलं आहे मला. व्यवस्थापनाला कसं वाटत असेल ते आज प्रथमच कळलं. त्या जनरल मॅनेजरला रात्री झोप लागत नसेल, असं आम्ही तेव्हा मोठ्या आनंदाने म्हणायचो.

पण चावली नाही. चार दिवसांत एकदाही नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

बारावा. आज मला आत बोलावलं. मुंगी आरशासमोर ठोकळे रचत होती. विभागातल्या आणखी एक बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. आमच्या बाईंनी विचारलं, "घरी काय काय सांगते, सांगा ना."

मी तयारी करूनच गेले होते. उठून उभी राहिले. "बाई, गेल्या आठवड्यात या मुलीने मला जे शिकवलं ते मी एकोणीस वर्षांच्या चळवळीत शिकले नाही. हक्क म्हणजे केवळ मागण्याचा हक्क नव्हे. नाकारण्याचा हक्क हाच खरा..."

मुंगी ठोकळे सोडून उठली. माझ्यासमोर आली. बोर्ड वर धरला आणि लाल चौकोनावर बोट ठेवलं. हट्टाने नाही, चिडून नाही. माझ्या डोळ्यांत बघत.

वाक्याचं क्रियापद बाकी होतं. ते मी गिळलं. खाली बसले.

ती परत ठोकळ्यांकडे गेली.

फॉर्मवाल्या बाईंनी विचारलं, "तिला कुणी खूण केली होती का?" आमच्या बाई म्हणाल्या, "कुणीच नाही." पेन फॉर्मवर चाललं. पुढचे बारा मंगळवार मंजूर.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण, आणि मागणी त्याच्यावरच मान्य झाली. बाहेर आल्यावर लेकीला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही मोजत थांबले.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी मुंगीने माझी पर्स उपसली. रुमाल, चष्म्याचं घर, किल्ल्या. तळातून माझा फोटो काढला. मी बघत होते. तिने तो बोर्डवर नेला, पण लाल चौकोन हलवला नाही. फोटो 'बस'च्या शेजारी, टोपीच्या जागी लावला. टोपी तिने आधीच जिन्यात पाठवली होती. मग एक बोट बसवर, एक माझ्यावर.

आजी आणि बस. याचा अर्थ आजीबरोबर बसने जायचं. किंवा आजीने बसने कुठेतरी जावं. दोन्ही शक्य. महिन्यापूर्वी मी अर्थ सांगून मोकळी झाले असते. आज चप्पल घातली आणि दारात उभी राहिले. मनात मोजत होते, एकतीसला तीही आली, तिच्या चपला उलट्या पायांत घालून.

सतरा नंबरने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. मी वाटेत एक शब्द बोलले नाही. खोटं कशाला, दोन बोलले, "तिकडे बघ." शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. कंडक्टर, नवीन मुलगा, मला ओळखणारा नव्हे, सीटपाशी आला. "चला, बाळ, उतरायचं. गाडी रिकामी करायची आहे."

नियम मला पाठ आहे. तीस वर्षं कंडक्टर म्हणून मी तो राबवला आहे.

मुंगीने बोर्ड त्याच्यापुढे धरला आणि लाल चौकोनावर बोट ठेवलं. त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, "आजी, काय म्हणतेय ही?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

तो थांबला. मग वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि तिलाच विचारलं, "उतरायचं नाही का तुला?"